एक जूनची मंडळी

परवा एक जून झाला. सकाळी सातपासून फोन वाजायला लागला. नातू, भाचे, पुतण्या, शाळेतल्या जुन्या मुली, सगळ्यांच्या शुभेच्छा. आमच्या पिढीचं हे मोठं गमतीचं प्रकरण आहे. माझ्याबरोबर नोकरीला लागलेल्या शिक्षकांपैकी निम्म्यांचा वाढदिवस एक जूनला. आमच्या ह्यांचाही एक जूनच. माझ्या थोरल्या जावेचाही. नातू लहान असताना त्याला वाटायचं की पूर्वी माणसं फक्त जूनमध्येच जन्माला येत असावीत!

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. आम्ही शाळेत गेलो तेव्हा जन्माचा दाखला नावाची वस्तू खेड्यात कोणी पाहिलेली नव्हती. जून महिन्यात शाळा सुरू व्हायची. गुरुजी घरोघर फिरून मुलं गोळा करायचे. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता आला की पोर शाळेच्या वयाचं झालं, एवढीच परीक्षा. मग त्या दिवशी सहा वर्षं पूर्ण होतील अशी तारीख गुरुजी वहीत मांडायचे. १९५७ साली माझा हात कानाला पोचला, म्हणून माझा जन्म १ जून १९५१ चा.

आई मात्र वेगळंच सांगायची. तिचा हिशेब असा, की गांधीहत्येनंतर तिसऱ्या गौरी जेवल्या त्या रात्री मी झाले. गांधीहत्या १९४८ च्या जानेवारीतली. त्या साली पहिल्या गौरी, मग १९४९, मग १९५०. म्हणजे मी भाद्रपदातली, १९५० ची. गुरुजींनी मला नऊ महिन्यांनी लहान केलं आणि सरकारची नऊ महिने जास्त चाकरी माझ्या वाट्याला आली. ३१ मे २००९ ला निवृत्त झाले तेव्हा हे गणित मी निरोपसमारंभात सांगितलं होतं. सगळे हसले. आई असती तर तीही हसली असती.

आज लिहायला बसले ते मात्र माझ्या तारखेसाठी नाही. माझ्याबरोबर त्याच दिवशी, त्याच गुरुजींनी, त्याच तारखेला 'जन्माला घातलेली' अजून एक मुलगी होती. तिचं नाव इथे लिहीत नाही. तिला ते आवडायचं नाही. मैत्रीण म्हणते, म्हणजे झालं.

आमचं माहेर चाकणजवळच्या एका वाडीत. शेजारी शेजारी घरं, मधे एक कडुलिंब. लोकल बोर्डाची एका खोलीची शाळा. शाळा जिल्हा परिषदेची नंतर झाली, १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या तेव्हा. गुरुजी फायनल पास. आजच्या मानाने सातवी शिकलेले. पण चार इयत्ता एका खोलीत सांभाळायचे आणि पाढे असे पाठ करून घ्यायचे की पावकी, निमकी मला अजून झोपेत म्हणता येते. मुली आम्ही पाच. त्यातली मैत्रीण सगळ्यात हुशार. हे मी मोठेपणाने म्हणत नाही. तोंडी हिशेबात तिच्यापुढे मी कधीच गेले नाही. कांद्याच्या पिशव्यांचा हिशेब तिचे वडील तिच्याकडून करून घ्यायचे. चाकणच्या बाजारात आडत्याच्या पट्टीवर किती कापलं, हमाली किती, तोलाई किती, हे ती नऊ वर्षांची पोर बोटांवर सांगायची.

मग १९६१ चा जुलै आला. १२ तारखेला पानशेत फुटलं आणि पुण्यात हाहाकार झाला. आमच्या वाडीला पाणी लागलं नाही, पण माणसं पुण्याहून चालत आली आणि काय काय सांगायला लागली, ते आम्ही मुली दारामागून ऐकत होतो. त्याच आठवड्यात मैत्रिणीच्या आईला मुलगा झाला. चार मुलींच्या पाठीवर. गूळ वाटला. मैत्रीण थोरली. आई शेतात, म्हणजे बाळ कुणाच्या कडेवर? तिच्या. पाचवीची शाळा सुरू होऊन महिना झाला होता. ती पहिल्यांदा दोन दिवस आली नाही, मग आठवडा, मग आलीच नाही. मी शाळेतून येताना ती कडुलिंबाखाली भावाला घेऊन उभी असायची आणि विचारायची, "आज काय झालं गं?" मी पाटी दाखवायची. काही दिवसांनी मी दुसऱ्या वाटेने यायला लागले. का, ते तेव्हा कळलं नव्हतं. आज कळतं, पण त्याचा उपयोग नाही.

मी शिकले याचं श्रेय माझं नाही. माझे वडील पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये लागले होते. १९५४ साली तो पेनिसिलीनचा कारखाना उभा राहिला आणि आमच्या भागातली काही माणसं सायकलवर डबा लावून तिकडे जायला लागली. महिन्याच्या महिन्याला पगार आला की घरातल्या थोरल्या मुलीच्या हातांची गरज कमी होते. एवढाच फरक होता आम्हा दोघींत. मी अकरावी मॅट्रिक झाले १९६८ ला, मग डी.एड., मग जिल्हा परिषदेची नोकरी. बी.ए. नोकरी करता करता, बाहेरून परीक्षा देऊन. मराठी विषय घेतला होता.

मैत्रिणीचं लग्न १९६६ ला झालं. कुरुळीला दिली. त्या वेळी कायद्याने मुलीला पंधरा वर्षं पूर्ण हवीत. १९२९ च्या शारदा कायद्याने ते चौदा होतं, १९४९ ला पंधरा झालं, अठरा झालं ते १९७८ ला. गुरुजींच्या तारखेप्रमाणे ती १ जूनला पंधराची झाली होती आणि लग्न होतं त्याआधीच्या वैशाखात! पण विचारणार कोण? विचारलं असतं तर तिच्या आईने सांगितलंच असतं, की पोर संक्रांतीची आहे. संक्रांत कुठली, माझ्या जन्माआधीची की नंतरची, यावर आमच्या दोघींच्या आयांचं कधी एकमत झालं नाही. तो वाद अजून चालू आहे. असो.

आणि योगायोग असा, की १९७३ ला मीही कुरुळीचीच सून झाले.

आज कुरुळी म्हटलं की पुणे-नाशिक महामार्गावरची ट्रकांची रांग डोळ्यापुढे येते. मी आले तेव्हा रस्ता अरुंद होता, दोन्ही बाजूंनी झाडं. दक्षिणेला इंद्रायणी, उत्तरेला चाकण, पूर्वेला आळंदी. कार्तिकीला दिंड्यांचे टाळ रात्रभर ऐकू यायचे. नुकताच बहात्तरचा दुष्काळ सरत होता. बाया खडी फोडायला जात होत्या, शाळेत सुकडी शिजत होती, रेशनवर मिलो नावाची लाल ज्वारी. त्या मिलोची भाकरी थापताना तुटायची. ती न तोडता कशी थापायची ते मला मैत्रिणीने शिकवलं. नव्या नवरीच्या चुलीपुढे शेजारीण म्हणून येऊन बसली आणि म्हणाली, "शाळंत तू पुढं गेलीस, हितं मी पुढं."

आता थोडं इतिहासाचं. मी चौथीला पुष्कळ वर्षं शिकवलं. चौथीला इतिहास म्हणजे शिवाजी महाराज. चाकणचा किल्ला तर आमच्या दारात. १६६० साली शायिस्तेखान आला आणि फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर माणसांनिशी जवळजवळ दोन महिने किल्ला झुंजवला. शेवटी सुरुंगाने बुरूज उडाला तेव्हा कुठे तो खानाच्या हाती पडला. मी मुलांना घेऊन जायची. उरलेली तटबंदी आणि खंदक पाहून एका मुलीने एकदा विचारलं, "बाई, किल्ल्यात बाया नव्हत्या का?" मी म्हटलं, असतील. ती म्हणाली, "मग त्यांची नावं?" मला उत्तर आलं नाही. खेडची मुलं राजगुरूंचा जन्म २४ ऑगस्ट १९०८ म्हणून तारीखवार सांगतात, आणि स्वतःच्या आजीचा जन्म कधीचा हे त्यांना सांगता येत नाही, आजीलाही नाही. त्या मुलीच्या प्रश्नानंतर मी हे लक्ष देऊन बघायला लागले.

जनगणनेत तर हे फारच दिसलं. दर दहा वर्षांनी शिक्षकांच्या गळ्यात ते काम. १९८१ च्या फेब्रुवारीत मी घरोघर फिरले. बाईला वय विचारलं की ती माझ्याकडेच बघायची. "तुमीच लिवा बाई, काय दिसंल ते." एक म्हातारी म्हणाली, "मानमोडीत माझा पहिला ल्योक गेला." मानमोडी म्हणजे १९१८ ची तापाची साथ, इन्फ्लुएन्झा. पहिलं मूल सोळाव्या-सतराव्या वर्षी झालं असं धरून मी ऐंशी लिहिलं. दुसरी म्हणाली गांधी मारला तेव्हा मी न्हाती झाले. तिचं वय मी पंचेचाळीस लिहिलं. साठ, पासष्ट, सत्तर अशी गोल वयं लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं, की मीही गुरुजींसारखीच बायका जन्माला घालते आहे. नवऱ्याचं नाव विचारलं की वेगळीच पंचाईत. नाव घ्यायचं नाही. शेजारचं पोर पकडून त्याच्याकडून वदवायचं.

त्या बायांच्या जन्माची नोंद कुठे असेलच तर पोलीस पाटलाच्या किंवा कोतवालाच्या वहीत. तीत बापाचं नाव आणि 'मुलगी झाली' एवढंच. मुलीचं नाव नाही, कारण बारसं व्हायच्या आधी नोंद. देशभर एकसारखा जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा झाला तो १९६९ चा. २०२३ ला कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली तेव्हा या जुन्या वह्या आणि शाळांची रजिस्टरं कपाटातून बाहेर आली, मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. माझा पुतण्या उत्साहाने पणजोबांचं नाव शोधून घेऊन आला. मी विचारलं, पणजीचं? म्हणाला, काकू, ते नाही मिळालं.

विषयांतर झालं. मैत्रिणीकडे येते.

१९७८ च्या गांधीजयंतीला सरकारने प्रौढ शिक्षणाचा कार्यक्रम काढला. मी गावात रात्री बायांचा वर्ग घ्यायची. कंदील, पाट्या, पेंगणारी पोरं. मैत्रीण पहिल्या दिवशी आली. मी म्हटलं, तुझं नाव लिही. तिने पाटी मांडीवर घेतली आणि एका दमात लिहिलं. वळणदार, गुरुजींच्या हाताखालचं अक्षर. सतरा वर्षांनी! पण लिहिलं ते माहेरचं नाव. लग्नात तिचं नाव बदललेलं, आडनाव बदललेलं. बाकीच्या बाया हसल्या, "अगं, ही कोण?" आणि मी, मोठी शिक्षिका, ओलं फडकं तिच्या हातात देऊन म्हटलं, "ते पूस. आताचं लिही." तीन-चार रात्री घोटून तिला नव्या नावाची सही शिकवली.

त्याच सुमारास शरद जोशी आंबेठाणला येऊन शेती करायला लागले होते. परदेशातली मोठी नोकरी सोडून आलेला माणूस कोरडवाहू जमीन कसतो, हे बघायला लोक जायचे. १९७९ ला चाकणला शेतकरी संघटना निघाली. १९८० च्या प्रजासत्ताकदिनी वांद्र्यापासून चाकणपर्यंत लोक रस्त्याच्या मागणीसाठी पायी चालत आले, आणि त्याच वर्षी कांद्यासाठी नाशिकचा रस्ता अडवला. मैत्रिणीचा नवरा त्यात होता. तिने मला पिशवीमागे खर्च किती नि पट्टी किती याचा हिशेब तोंडी मांडून दाखवला होता. मी तो कागदावर लिहिला, तंतोतंत बरोबर होता. पुढे १९८६ ला चांदवडला शेतकरी बायांचं अधिवेशन झालं. त्यानंतर काही वर्षांनी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती' काढली, नवऱ्याने जमिनीचा तुकडा आपण होऊन बायकोच्या नावावर करायचा. आमच्या चहाच्या कपांवर यावर पुष्कळ चर्चा झाली. ह्यांनी आणि तिच्या नवऱ्याने, दोघांनीही, माना डोलावल्या. सातबारा होता तसाच राहिला.

मग कारखाने आले. अकुर्डी, भोसरीपर्यंत होते ते चाकणपर्यंत सरकले. फोक्सवॅगनचा कारखाना २००९ च्या मार्चमध्ये सुरू झाला, पण जमिनीचे भाव त्याच्या कितीतरी आधी पेटले होते. जिथे आम्ही ज्वारीची कणसं खुडली तिथे एकराचे आकडे लाखांतून कोटीत गेले. आणि इतकी वर्षं ज्यांना कोणी विचारलं नव्हतं त्या बहिणींची गावोगाव विचारपूस सुरू झाली. कारण घेणाऱ्याला सगळ्या वारसांच्या सह्या लागतात.

२००७ च्या दिवाळीआधी मैत्रिणीचा भाऊ माझ्याकडे आला. पानशेतच्या आठवड्यात झालेला. ती ज्याला कडेवर घेऊन उभी असायची, तोच. चांगला मुलगा, हे आधी सांगते. मला आक्का म्हणतो. म्हणाला, आक्का, ताईचं माहेरचं नाव आणि सासरचं नाव एकच बाई आहे याला पुरावा लागतोय. शाळेत तुमची ओळख आहे, तिचा दाखला काढून द्या.

मी गेले. आमच्या त्या शाळेचं जनरल रजिस्टर उघडलं. पानं पिवळी, कडा उंदराने खाल्लेल्या, पण शाई शाबूत. लागोपाठच्या दोन ओळी. पहिली तिची, दुसरी माझी. जन्मतारीख दोघींची १ जून १९५१. शाळा सोडल्याचं कारण, माझ्यापुढे 'पुढील शिक्षणासाठी', तिच्यापुढे 'सतत गैरहजर'.

ती अमक्याची मुलगी आहे असं सांगणारा या जगात तेवढा एकच कागद होता. गुरुजींनी अंदाजाने लिहिलेला. मी त्याचा दाखला काढून दिला.

चार दिवसांनी ती स्वतः आली, हक्कसोडपत्राचा मसुदा घेऊन. म्हणाली, वाचून दाखव. मी वाचलं. 'स्वखुशीने, कोणताही मोबदला न घेता, कोणाच्याही दडपणाशिवाय.' तिने ऐकलं आणि विचारलं, "सही नाही केली तर?"

आता इथे मला खरं लिहायचं आहे. कायदा मला माहीत होता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या मागे मुलीला वाटा आहे. तिचे वडील मृत्युपत्र न करता वारले होते. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलासारखाच हक्क महाराष्ट्राने १९९४ ला दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना तो नव्हता. २००५ ला केंद्राने कायदा बदलला, त्यात ती अटही गेली. तो हक्क जन्मापासूनचा आहे हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं ते २०२० ला. पण २००७ लाही सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. वर्तमानपत्राची कात्रणं कपाटात होती. मी तिला म्हणाले, "भाऊ तुटेल."

एवढंच म्हणाले. कारण अकरा वर्षांपूर्वी मीही माझ्या भावासाठी तसाच कागद सही करून दिला होता. मला साडी आणि आंब्याची पेटी मिळाली होती, आणि माझी लेक तेव्हा मला म्हणाली होती, "आई, तू वर्गात काय शिकवतेस?" मैत्रिणीला वाटा माग म्हणाले असते तर माझ्या सहीचं काय?

तिने खेडच्या कचेरीत जाऊन सही केली. मी शिकवलेली, सासरच्या नावाची. परत आल्यावर म्हणाली, "अंगठा नाही दिला हं. सायबानं बघितलं."

भावाने बंगला बांधला. दिवाळीला नेतो, भाऊबीजेला ओवाळणी भरघोस घालतो. दर वर्षी कांद्याच्या दोन पिशव्या पाठवायचा. आता शेतच नाही, तरी बाजारातून घेऊन पाठवतो. २०१४ ला तिचे गुडघे गेले. ऑपरेशनचा खर्च मोठा होता. भावाने दिले काही, पण मागावे लागले. तेव्हा तिने माझ्याकडे बघून एकच वाक्य म्हटलं होतं, "मागायला लागलं गं." मी पाणी आणायला आत गेले.

आजची कुरुळी वेगळी आहे. ज्यांच्याकडे चार गुंठे राहिले त्यांनी खोल्या बांधून भाड्याने दिल्या. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, आपल्या मराठवाडा-विदर्भातली पोरं राहतात. आमच्या शेजारच्या खोलीतली एक सहा वर्षांची मुलगी यंदा शाळेत जाणार, म्हणून तिची आई मला फॉर्म भरून मागायला आली. जन्मदाखला आहे, आधारकार्ड आहे, तारीख २३ नोव्हेंबर, अगदी वेळेसकट. फॉर्मवर आईच्या नावाची वेगळी जागा. २०२४ पासून तर सरकारने कागदपत्रांत मुलाच्या नावापुढे आईचं नाव लावायचं ठरवलंय. मी त्या बाईला म्हटलं, इथे तुझं नाव लिही. ती म्हणाली, आप ही लिख दीजिए. मी पेन तिच्या हातात दिलं आणि बसून राहिले. अर्धा तास लागला, पण लिहिलं.

तर परवा एक जूनला संध्याकाळी मैत्रीण आली. काठी टेकत, नातवाच्या गाडीवर बसून. बरोबर डब्यात शेंगदाण्याची पोळी. माझ्या नातीने दोघींपुढे एकच केक ठेवला आणि विचारलं, आज्या, पहिला घास कोणाला, मोठी कोण?

"मी," ती म्हणाली. "मी आधीच्या संक्रांतीची."

"नंतरच्या," मी म्हटलं. "तुझ्या आईला वर्षाचा हिशेब कधी आला होता?"

"आणि तुझ्या आईला? गौरी कितव्या ते तिला कोण सांगत होतं? माझीच आई!"

केक नातीनेच खाल्ला शेवटी.